डिस्क फिरते, पण उघडत नाही

वाचकांचे प्रश्न

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पेटी खाली आली की तिच्यातून सीडी-डीव्हीडींचं पाऊच निघतं. पुढच्या पंधरवड्यात आमच्याकडे एकाच धाटणीची पत्रं येतात. या वेळी त्यांतली सहा घेतली आहेत.

प्रश्न : २००८ साली टीव्हीला जोडलेल्या डीव्हीडी रेकॉर्डरवर मुलाच्या मुंजीची कॅसेट डीव्हीडीवर उतरवून घेतली होती. त्या रेकॉर्डरवर ती आजही दिसते. लॅपटॉपमध्ये घातली की ‘डिस्क रिकामी आहे, फॉरमॅट करायची का?’ असं विचारतो. करू का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : अजिबात नको. ‘नाही’ म्हणा आणि डिस्क बाहेर काढा. आरडब्ल्यू डिस्क (पुसून पुन्हा लिहिता येणारी) असेल तर फॉरमॅटने मुंज पुसली जाईल. साधी आर डिस्क (एकदाच लिहिता येणारी) पुसली जात नाही, पण तिच्यावर कॉम्प्युटरने काही लिहिलं तर नंतर रेकॉर्डरला ती नीट बंद करता येईलच याचा भरवसा नाही.

आधी डिस्क ट्यूबलाइटखाली तिरपी धरा, चकचकीत बाजू वर करून. मधल्या भोकापासून बाहेरच्या दिशेने एक पट्टा वेगळ्या छटेचा दिसेल, थोडा गडद नाहीतर फिका, आणि तो संपतो तिथे स्वच्छ गोल रेघ असेल. लेझरने जिथवर लिहिलं तिथवर तो पट्टा. लिखाण आतून बाहेर होत जातं, म्हणून डिस्क अर्धी भरलेली असली तर पट्टाही मध्येच थांबतो. पट्टा दिसतोय आणि कॉम्प्युटर ‘रिकामी’ म्हणतोय, याचा अर्थ चित्रण जागेवर आहे, फक्त डिस्क फायनलाइझ केलेली नाही.

फायनलाइझ करताना रेकॉर्डर डिस्कच्या सुरुवातीला आणि शेवटी ठरलेला मजकूर लिहितो. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह आधी तोच शोधतो. तो नसला तरी स्वतः रेकॉर्डरचं काम अडत नाही, कारण चालू लिखाणाची नोंद तो डिस्कवरच आतल्या बाजूला वेगळी ठेवत असतो. तुमचा रेकॉर्डर चालू आहे, तेव्हा उपाय सोपा आहे. डिस्क त्यात घाला, सेटअप किंवा ‘डिस्क’ मेनूत ‘फायनलाइझ’ निवडा आणि काम पूर्ण होईपर्यंत हात लावू नका. दोन मिनिटांपासून पाव तासापर्यंत, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. मध्येच लाइट गेली तर डिस्क कायमची अडकू शकते, म्हणून रेकॉर्डर इन्व्हर्टरच्या लाइनवर लावा.

फायनलाइझ करूनही व्हिडिओचं नेहमीचं फोल्डर दिसत नसेल आणि ‘डीव्हीडी_आरटीएव्ही’ नावाचं फोल्डर दिसत असेल, तर चित्रण व्हीआर मोडमध्ये, म्हणजे रेकॉर्डरच्या वेगळ्या पद्धतीने केलेलं आहे. आतली व्हीआरओ फाइल कॉपी करून व्हीएलसी या फुकट व्हिडिओ प्लेयरमध्ये उघडा.

रेकॉर्डर भंगारात गेलेल्यांसाठी : त्याच कंपनीचा, शक्यतो त्याच मॉडेलचा रेकॉर्डर कुणाकडे मिळतो का पाहा. नाहीच मिळाला तर आयसोबस्टरसारखा प्रोग्राम अर्धवट डिस्क चाळून फायली शोधतो. त्यासाठी नुसता वाचणारा ड्राइव्ह चालत नाही, डीव्हीडी रायटर लागतो. फुकट आवृत्तीत फायली दिसतात का ते बघा, मगच पैसे भरा. आठ सेंटीमीटरच्या छोट्या डीव्हीडीवर लिहिणाऱ्या हँडीकॅमचंही असंच आहे, डिस्क कॅमेऱ्यातच फायनलाइझ करायची. आणि ती छोटी डिस्क फटीतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये कधीच घालू नका. आत अडकते.

प्रश्न : नवीन लॅपटॉपला ड्राइव्ह नाही म्हणून बर्डीवरून यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी रायटर आणला. सिनेमाची विकतची डीव्हीडी त्यावर चालते. घरी राइट केलेल्या फोटोंच्या डिस्क घातल्या की टक-टक आवाज येतो आणि शेवटी ‘डिस्क घाला’ असा संदेश. त्याच डिस्क जुन्या डेस्कटॉपवर उघडतात. दुकानदार म्हणतो, डिस्कच खराब आहेत.
– एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : जुन्या डेस्कटॉपवर उघडतात म्हटल्यावर डिस्कला दोष देता येत नाही. सर्वांत आधी त्याच डेस्कटॉपवरून सगळे फोटो कॉपी करून घ्या, बाकीचं संशोधन नंतर.

पहिला संशय विजेवर. यूएसबी २ चा पोर्ट नियमानुसार ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. असा रायटर डिस्कला वेग देताना एक अँपिअरच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त ओढतो. वीज अपुरी पडली की मोटर वेग धरते, दमते, पुन्हा धरते. तुमची टक-टक बहुधा तीच. विकतची डिस्क चटकन ओळखू येते म्हणून निभावते. घरच्या डिस्कवर ड्राइव्ह पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि तिथे मोडतो. लांब एक्स्टेन्शन वायर काढा, ड्राइव्ह थेट लॅपटॉपला लावा. दोन यूएसबी टोकांची वायर सोबत आली असेल तर दोन्ही टोकं लावा. तरीही भागलं नाही तर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्या.

दुसरा संशय लेन्सवर. त्यासाठी चार डिस्क गोळा करा : विकतची गाण्यांची सीडी, विकतची सिनेमाची डीव्हीडी, घरी राइट केलेली सीडी आणि घरी राइट केलेली डीव्हीडी. दोन्ही सीडी चालतात आणि दोन्ही डीव्हीडी नाहीत, किंवा उलट, तर ड्राइव्हमधल्या दोन लेझरपैकी एक गेला. सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० चा. एक मेला तरी दुसरा वर्षानुवर्षं चालतो. असा ड्राइव्ह दुरुस्तीला देऊ नका, बदला. विकतच्या दोन्ही चालतात आणि घरच्या दोन्ही नाहीत, तर लेन्सवर धूळ आहे किंवा लेझर मंदावलाय. विकतच्या डिस्कमध्ये साच्यात दाबलेले खड्डे असतात. घरच्या डिस्कमध्ये रंगाच्या थरावर लेझरने भाजलेले डाग असतात, त्यांचा सिग्नल जात्याच नाजूक. आरडब्ल्यू तर आणखी मंद. सीडी-आरडब्ल्यूवरून पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम १५ ते २५ टक्के भाग परततो.

ट्रे असलेल्या पातळ ड्राइव्हची लेन्स ट्रेवरच उघडी असते. यूएसबी वायर काढून ठेवा. कानकाडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घ्या, लेन्सवरून हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवा आणि पाच मिनिटं वाळू द्या. लेन्स बारीक तारांवर तरंगती बसवलेली असते, दाब दिलात तर संपली. चालू ड्राइव्हच्या लेन्समध्ये डोकावू नका. रायटरचा लेझर डोळ्याला इजा करतो, आणि सीडीचा किरण तर जवळजवळ दिसतसुद्धा नाही.

प्रश्न : एकाच सीडीवर तीन वेळा फोटो टाकले होते. आता फक्त शेवटचे दिसतात. आधीचे पुसले गेले का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : सीडी-आर असेल तर नाही. तिच्यावरचं काही पुसता येतच नाही. प्रत्येक वेळचं लिखाण म्हणजे एक सेशन. नवीन सेशन लिहिताना सॉफ्टवेअरने मागच्या सेशनची यादी उचलून पुढे जोडायची असते. तुमच्याकडे ती जोडली गेली नाही आणि विंडोज शेवटचीच यादी वाचतं. आयसोबस्टरमध्ये डाव्या बाजूला तिन्ही सेशन वेगवेगळी दिसतील, हवं त्यातून फोटो काढा. प्रत्येक सेशन जागाही खातं, पहिलं सुमारे २२ एमबी आणि पुढचं प्रत्येक सुमारे १३ एमबी. सीडी ‘भरलेली नसताना भरली’ अशी तक्रार करणाऱ्यांची जागा इथे गेलेली असते.

याच जातीचा आणखी एक घोटाळा. विंडोज डिस्क लिहिण्याआधी विचारतं, पेनड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेयरसाठी? पहिला पर्याय निवडला की डिस्क यूडीएफ या फाइल-मांडणीच्या पद्धतीने तयार होते. ती इजेक्ट करताना सेशन बंद होतं, त्याला मिनिटभर लागतं, आणि तेवढ्यात कुणी लॅपटॉप बंद केला तर दुसरीकडे काही दिसत नाही. ज्या कॉम्प्युटरवर लिहिली तिथे पुन्हा घाला आणि ‘क्लोज सेशन’ करा. दुसऱ्याला द्यायची डिस्क नेहमी दुसऱ्या पर्यायाने लिहावी.

प्रश्न : डिस्कवरचे ओरखडे टूथपेस्टने जातात हे खरं का?
– एक वाचक, इतवारी, नागपूर

उत्तर : ओरखडा कुठल्या बाजूला आहे, ते आधी बघा. सीडी १.२ मिलिमीटर जाड असते, पण माहितीचा थर मधोमध नसतो. तो वरच्या, म्हणजे नाव लिहायच्या बाजूला, नुसत्या वार्निशच्या पापुद्र्याखाली असतो. खालच्या बाजूचा ओरखडा म्हणजे चष्म्याच्या काचेवरचा चरा. वरच्या बाजूचा ओरखडा म्हणजे डोळ्यालाच इजा. तिथे टूथपेस्ट काय, काहीच चालत नाही. सीडीवर बॉलपेनने नाव लिहिणारे हेच करून बसतात. डीव्हीडी मात्र ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून बनते आणि माहिती मध्ये असते. तिला वरच्या ओरखड्याची भीती कमी, पण कागदी स्टिकरची जास्त. स्टिकर उन्हाळ्यात एका बाजूने आकसला की डिस्क वाकते आणि बाहेरच्या कडेच्या फायली आधी जातात. सीडीवरचा जुना स्टिकर सोलू नका, सोबत थरही निघतो.

सीडी दिव्यासमोर धरा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके आरपार दिसले तर चांदीचा थर गेला, तिथली माहिती परत येत नाही. ठिपके नाहीत आणि चरे फक्त खाली आहेत, तर कोमट पाणी, साबणाचा एक थेंब आणि मऊ सुती कापड. पुसायचं ते मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल नाही. माहिती गोल रेषेत असते आणि सीडीची दुरुस्तीची यंत्रणा त्या रेषेवरची साधारण अडीच मिलिमीटरची सलग खोट भरून काढते. आडवा चरा ती सहज ओलांडते, रेषेच्या दिशेने गेलेला लांब चरा तिला भारी पडतो. टूथपेस्ट म्हणजे बारीक पॉलिश. एखादा खोल चरा सोडून बाकी सगळं कॉपी करून झालं असेल, तरच हा जुगार खेळा.

प्रश्न : एमआरआयची सीडी मिळाली. उघडते, पण फायलींना नावाच्या जागी नुसते आकडे, आणि डॉक्टरांच्या कॉम्प्युटरलाही ड्राइव्ह नाही. तसंच, घरच्या गाण्यांच्या सीडीवरून फायली कॉपी केल्या तर प्रत्येक गाणं १ केबीचं!
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : दोन्ही सीडी ठणठणीत आहेत. एमआरआयच्या फायली डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या ठरलेल्या प्रकारच्या असतात. सीडीवरची सगळी फोल्डरं आणि ‘डायकॉमडीर’ नावाची फाइल, नाव-रचना न बदलता पेनड्राइव्हवर उतरवा. मग मायक्रोडायकॉम किंवा रेडिअँटसारख्या व्ह्यूअरमध्ये अख्खं फोल्डर उघडा. पाकिटाला स्टेपल मारलेली असेल तर आधी पिन काढा, सीडी बाहेर ओढताना तीच ओरखडते.

गाण्यांच्या सीडीवर फायली नसतातच. दिसतात त्या ‘सीडीए’ फायली म्हणजे गाणं कुठून सुरू होतं याच्या ४४ बाइटच्या चिठ्ठ्या. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्रामने गाणी ‘रिप’ करा, म्हणजे फायलींच्या रूपात उतरवून घ्या. कॉम्प्रेस न केलेला आवाज मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेतो.

प्रश्न : २०११ च्या डीव्हीडीवरचे फोटो कॉपी करताना ८० टक्क्यांच्या पुढे विंडोज अडकतं. आमचं घर पश्चिमेकडचं, वरच्या मजल्यावर, उन्हाळाभर कूलर. डिस्क कपाटात होत्या.
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : शेवटाकडे अडकणं हे नेहमीचं लक्षण. बाहेरची कड सर्वांत शेवटी आणि बहुधा सर्वांत जास्त वेगाने लिहिली जाते, बोटंही तिथेच लागतात आणि वाकली तर तीच आधी वाकते. विंडोजची साधी कॉपी अशा जागी डोकं आपटत बसते, त्यामुळे ड्राइव्हही झिजतो. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करा आणि डीडीरेस्क्यू वापरा, हा प्रोग्राम अख्ख्या डिस्कची एक इमेज फाइल, म्हणजे हुबेहूब प्रत बनवतो. सेक्टरचं, म्हणजे डिस्कवरच्या माहितीच्या एका तुकड्याचं माप २०४८ बाइट द्या आणि कुठले सेक्टर वाचून झाले याची नोंद ठेवणारी मॅप फाइल न विसरता ठेवा. पहिल्या फेरीत तो सहज वाचता येतं तेवढं उचलतो. दुसऱ्या फेरीत अडलेल्या जागी तीनदा प्रयत्न करायला सांगा. मग तीच डिस्क, तीच इमेज आणि तीच मॅप फाइल घेऊन वेगळ्या कंपनीच्या ड्राइव्हवर चालवा. तो फक्त उरलेले सेक्टर मागतो, आणि एकाला न दिसलेलं दुसऱ्याला बऱ्याचदा दिसतं. डीव्हीडीवर सुमारे २३ लाख सेक्टर असतात. ३ एमबीचा एक फोटो त्यातले दीड हजार घेतो. म्हणजे शेजारशेजारचे दोनशे सेक्टर गेले तरी नुकसान एखाद-दोन फोटोंचं.

पुन्हा डीव्हीडीवरच ठेवायचं असेल तर १६ एक्स वेगाची डिस्क ८ एक्सवर, म्हणजे निम्म्या वेगाने लिहा, ४.३८ ऐवजी ४ जीबीवर थांबा म्हणजे कड मोकळी राहील, ‘व्हेरिफाय’ (लिहिलेलं तपासून बघणं) चालू ठेवा आणि दुसऱ्या ड्राइव्हवर उघडून बघा. एक प्रत हार्ड डिस्कवर हवीच. कपाट पश्चिमेच्या भिंतीला लागून असेल तर हलवा, नवतप्यात ती भिंत रात्रीसुद्धा गरम असते आणि उष्णतेने रंगाचा थर उतरतो. कूलरची ओली हवा थेट कपाटावर येत असेल तर आणखी वाईट, बुरशी डिस्कवरही धरते. रेक्झिनच्या पाऊचमधून काढून डिस्क कडक डब्यांत उभ्या ठेवा. पाऊचचं प्लास्टिक मे महिन्यात चिकटतं आणि चकचकीत बाजूवर ढगाळ डाग सोडतं. तो डाग मात्र साबणाच्या पाण्याने बऱ्याचदा निघतो.