भिजलेल्या रायफलीची निगा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सोबतचे शिकारी म्हणतात, रायफल वापरायची वस्तू आहे, पावसात भिजली तर एवढं काय? मी उगाच काळजी करतो का?

नाही. भिजण्याने फारसं बिघडत नाही, तशीच रात्रभर ठेवल्याने बिघडतं. दमून आल्यावर ओली रायफल फोमच्या पेटीत बंद करून ‘उद्या बघू’ म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि मला त्याचाच राग येतो. फोम पाणी धरून ठेवतो. सकाळी बोल्टच्या (नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) मुठीवर तांबूस ठिपके दिसतात, पण खरा गंज दिसत नाही तिथे धरतो: स्कोपच्या (नेमाच्या दुर्बिणीच्या) कड्यांखाली, दस्त्यात (रायफल धरायच्या भागात) लपलेल्या नळीच्या पोटाला.

आधी रायफल रिकामी असल्याची खात्री करा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, बोट घालून. मग बोल्ट काढा. नळीत मागच्या बाजूने सफाईचा गज घालून फडकं कोरडं निघेपर्यंत फिरवा, मग तेलाचा अगदी पुसट हात. पार भिजली असेल तर दस्ता उतरवाच, आणि पुन्हा बसवल्यावर नेम तपासा. शिकारीला निघताना नळीतलं तेल पुसून टाका, नाहीतर पहिली गोळी भलतीकडे जाऊ शकते.

प्रश्न: माझी स्टेनलेसची आहे. तरीही?

तरीही. पोलादात किमान 10.5 टक्के क्रोमियम असलं की ते स्टेनलेस; ते उशिरा गंजतं, एवढंच. शिवाय स्प्रिंगा, स्क्रू बहुधा साध्या पोलादाचे असतात.

प्रश्न: पाऊस नव्हता, तरी घरात आणल्यावर रायफल ओली झाली. कशी?

गार धातूवर उबदार खोलीतल्या हवेतली वाफ दवासारखी जमते, अगदी बोल्टच्या आतही. कोरडी रायफल बाहेरच पेटीत बंद करा, घरात आणा आणि पेटी खोलीइतकी कोमट झाल्यावरच उघडा.

प्रश्न: नळीच्या तोंडावर चिकटपट्टी लावली तर चालते का?

पातळ पट्टी चालते. गोळीच्या पुढे दाबली जाणारी हवाच ती उडवते. बूच किंवा चिंधी मात्र कधीही कोंबू नका. अरुंद नळीत पाणी चिकटून राहतं, तोंड खाली केलं तरी सगळं गळत नाही, आणि असा अडथळा असताना गोळी झाडली तर नळी फुगू किंवा फुटू शकते. पाणी, चिखल वा बर्फ शिरल्याची नुसती शंका आली तरी काडतूस काढा, बोल्ट काढून नळीतून आरपार बघा आणि गजाने पुसा. जवळ गज नसेल, तर त्या दिवशीची शिकार तिथेच थांबवा.