फायनान्सची मास्टर्स, नोकरी सांभाळून: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी डोंबिवलीला राहतो. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) एका लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीच्या अकाउंट्स विभागात आहे. बी.कॉम. होऊन सहा वर्षं झाली. मुंबई विद्यापीठाचा तीन वर्षांचा पार्ट-टाइम एमएफएम (फायनान्शियल मॅनेजमेंटची मास्टर्स पदवी) करावा, की इग्नू या मुक्त विद्यापीठाचा दूरशिक्षणातला, फायनान्समधला एमबीए? दूरशिक्षणाच्या पदवीला कमी लेखतात, असं सगळे सांगतात.

उत्तर: मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणातली किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे. यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. मात्र ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द तपासून घ्या. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर संस्था, अभ्यासक्रम आणि तुमच्या प्रवेशाचं सत्र या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. विद्यापीठ नावाजलेलं आहे एवढ्यावर पैसे भरू नका. प्रवेशाआधी स्वतःचा डीईबी आयडीही काढावा लागतो. आधारवरचं आणि मार्कशीटवरचं नाव वेगळं असेल, तर ते आधी सारखं करून घ्या. मुदतीच्या शेवटच्या दिवशी गाडी तिथेच अडते.

वर्गात बसून केलेल्या एमएफएमचा खरा फायदा शेजारी बसणाऱ्या माणसांत आहे. विद्यापीठाच्या चर्चगेटमधल्या जमनालाल बजाज संस्थेत पार्ट-टाइम वर्गाला येणारे सगळे नोकरीवाले असतात. कुणी बँकेच्या क्रेडिट विभागात, कुणी ट्रेझरीत. कॅश फ्लोवर चर्चा चालू असताना रोज कर्जाचे प्रस्ताव तपासणारा माणूस बोलतो, तेव्हा जे कळतं ते पुस्तकात सापडत नाही. दूरशिक्षणात हे मिळणार नाही, एवढं आधीच कबूल करून टाका.

पण निर्णय याच्यावर होत नाही. तो तासांवर होतो.

इग्नूत एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. चार क्रेडिटचा विषय म्हणजे १२० तास, आणि एका सत्रात चार विषय घेतले तर ४८०. हातात २४ आठवडे धरले, तर आठवड्याला २० तास होतात. रविवारी ६, शनिवारी ५ आणि उरलेले ९ म्हणजे पाच दिवस पहाटे रोज पावणेदोन तास. हा हिशेब घरच्यांसमोर कागदावर मांडा. पहिल्या महिन्यात तो पाळता आला नाही, तर विषय चाराचे दोन करा. गळती बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. डोकं कमी पडतं म्हणून अभ्यासक्रम सोडणारे थोडे असतात, तास न मोजता चार विषय घेणारे पुष्कळ.

एमएफएमचे तास वेगळ्या ठिकाणी जातात. संध्याकाळी बीकेसीतून वांद्रे, तिथून चर्चगेट. रात्री नऊ-साडेनऊला वर्ग सुटला की सीएसएमटीपर्यंत जाऊन डोंबिवलीची लोकल, म्हणजे घरी पोचायला अकरा. लोकलमध्ये थिअरी वाचून होते, गणितं होत नाहीत. त्यामुळे प्रवासाचे सगळे तास अभ्यासात धरू नका, निम्मेही नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. लिस्टेड कंपनीला मार्चअखेरचे निकाल ६० दिवसांत, म्हणजे ३० मेपर्यंत जाहीर करावे लागतात. एप्रिल-मे तुमचा नसतो, आणि इग्नूची सत्रांत परीक्षा जूनमध्ये उभी असते. तेव्हा जूनला थिअरीचे एक-दोन पेपर द्या आणि गणिताचे जड पेपर डिसेंबरसाठी ठेवा. इग्नूत ती मुभा आहे. असाइनमेंटना ३० टक्के वजन असतं. त्या क्लोजिंगच्या, म्हणजे वर्षअखेरीची खाती बंद करण्याच्या, आधीच फेब्रुवारीत लिहून टाका.

आमचं मत असं: साहेब वर्गाच्या दिवशी तुम्हाला साडेपाचला सोडतील, हे क्लोजिंगच्या आठवड्यासकट तोंडावर कबूल करून घेता येत असेल तर एमएफएम करा. ते जमत नसेल तर इग्नू. हजेरी भरली नाही म्हणून सत्र गेलं, तर पैशापेक्षा उमेद जास्त जाते.

प्रश्न: मी कला शाखेची पदवीधर, पुण्यात बँकेत नोकरी. पहिल्याच सत्रात कॉर्पोरेट फायनान्स आहे. एक्सेलमध्ये एनपीव्ही (पुढे येणाऱ्या रकमांची आजची किंमत, वजा गुंतवणूक) काढला की उत्तर पुस्तकाशी जुळत नाही. माझं गणित कच्चं आहे, म्हणून हे होतंय का?

उत्तर: नाही. एक्सेलचं एनपीव्ही हे सूत्र पहिली रक्कम आज नव्हे, तर एक वर्षानंतर येते असं धरून चालतं. बहुतेक जण आजची गुंतवणूकही त्याच कंसात टाकतात आणि सगळं उत्तर एक वर्ष मागे सरकतं.

एक उदाहरण घ्या. आज ५ लाख रुपये घातले, पुढची तीन वर्षं दरवर्षी २ लाख २० हजार येणार, दर १० टक्के. कागदावर आडवी रेघ मारा, तिच्यावर ०, १, २, ३ असे टिंब द्या. शून्यावर वजा ५ लाख, बाकी तिन्हींवर २,२०,०००. आता कॅल्क्युलेटरवर २,२०,००० ला १.१ ने भागा: २,००,०००. आलेल्याला पुन्हा १.१ ने: १,८१,८१८. पुन्हा एकदा: १,६५,२८९. बेरीज ५,४७,१०७. त्यातून ५ लाख गेले, एनपीव्ही ४७,१०७. एक्सेलमध्ये चारही आकडे कंसात टाकलेत तर ४२,८२५ येईल. म्हणजे बरोबर उत्तराला आणखी एकदा १.१ ने भागलेलं. म्हणून कंसात फक्त पहिल्या ते तिसऱ्या वर्षाच्या रकमा घ्या आणि ५ लाख कंसाबाहेर वजा करा.

ही रेघ प्रत्येक गणिताला मारा, सोप्यालासुद्धा. परीक्षा कागदावर असते, तिथे एक्सेल नसतं. आणि गणित चुकतं ते भागाकारात नव्हे, कुठली रक्कम कुठल्या टिंबावर बसते यात. शेवटच्या वर्षी परत येणारं खेळतं भांडवल आणि यंत्राची भंगार किंमत विसरणं, घसारा रोख खर्च समजून वजा करणं आणि त्यामुळे वाचणारा कर मात्र सोडून देणं, या नेहमीच्या चुका.

बँकेत काम करणाऱ्यांची म्हणून एक खास चूक आहे, ती तुमच्याकडूनही होईल. प्रकल्पाच्या कॅश फ्लोमधून कर्जाचं व्याज वजा करायचं. बँकेत हप्ता फेडण्याची ऐपत पाहायची असते, तिथे ते बरोबरच आहे. इथे मात्र ज्या दराने आपण भागतो त्या भांडवलाच्या सरासरी खर्चात व्याज आधीच मोजलेलं असतं. पुन्हा वजा केलंत तर ते दोनदा लागतं आणि चांगला प्रकल्पही तोट्याचा दिसतो.

प्रश्न: फी भरल्यावर आयकरात सूट मिळते का? कंपनी अर्धी फी द्यायला तयार आहे, पण करारावर सही मागते.

उत्तर: स्वतःच्या फीवर ८०सी म्हणून ओळखली जाणारी सवलत मिळत नाही. ती सवलत मुलांच्या पूर्णवेळ शिक्षणाच्या ट्यूशन फीसाठी आहे. बँकेकडून शैक्षणिक कर्ज घेतलंत, तर ज्या वजावटीला सगळे ८०ई म्हणून ओळखतात तिच्यात भरलेलं व्याज वजा होतं, मुद्दल नाही. रकमेला वरची मर्यादा नाही आणि व्याज भरायला सुरुवात केल्यापासून जास्तीत जास्त आठ वर्षं ती चालते. पार्ट-टाइम अभ्यासक्रमालाही चालते. नातेवाइकांकडून किंवा ऑफिसकडून घेतलेल्या उसन्या पैशांना लागू नाही. आणि हे सगळं जुन्या करप्रणालीतच. नवी प्रणाली निवडली असेल तर या व्याजाचा करात काही उपयोग नाही, कर्ज घेताना हे धरूनच गणित करा.

करारात तीन गोष्टी वाचा. नोकरी न सोडण्याच्या बंधनाची मुदत पदवी मिळाल्यापासून मोजतात की प्रत्येक हप्त्यापासून, मध्येच सोडल्यास पूर्ण रक्कम परत द्यायची की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, आणि कंपनीनेच काढून टाकलं तर काय. तिसऱ्याबद्दल करारात बहुधा काहीच नसतं. ते लिहून घ्या, मगच सही करा.

प्रश्न: शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आमच्याच कंपनीचे आकडे वापरू का? सहज हाताशी आहेत.

उत्तर: वापरू नका. कंपनी लिस्टेड असेल, तर जाहीर न झालेले आणि भावावर परिणाम करू शकणारे आकडे बाहेर देणं हा सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांचा भंग ठरू शकतो. प्रोजेक्टची प्रत मार्गदर्शकाकडे, बाह्य परीक्षकाकडे, ग्रंथालयात जाते. लिस्टेड नसली तरी गुप्ततेचं कलम तुमच्या नेमणूकपत्रात असणारच. बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळांवर शेकडो कंपन्यांचे वार्षिक अहवाल फुकट मिळतात. तुमच्याच धंद्यातल्या चार कंपन्या घ्या. कामाची समज तीच लागेल आणि धोका राहणार नाही.

मात्र आकडे उतरवताना जपा. अहवालात स्टँडअलोन, म्हणजे एकट्या कंपनीचा, आणि कन्सॉलिडेटेड, म्हणजे उपकंपन्या धरून, असे दोन ताळेबंद असतात. एका वर्षी हा, दुसऱ्या वर्षी तो, अशी सरमिसळ इतकी सर्रास होते की परीक्षक तेच आधी पाहतात. दुसरा सापळा वर्षांचा. मोठ्या कंपन्यांना १ एप्रिल २०१६ पासून आणि बाकीच्या बहुतेक लिस्टेड कंपन्यांना वर्षभराने हिशेबाचं नवं मानक, इंड एएस, लागू झालं, तेव्हा त्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे एका रांगेत मांडता येत नाहीत. १ एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६ आलं. त्याने भाड्याच्या जागांचे लांब मुदतीचे करार ताळेबंदात देणी म्हणून दिसू लागले.

दुकानांची साखळी चालवणारी कंपनी घेतलीत तर हे ठळक दिसेल. त्या वर्षी भाड्याचा खर्च नफा-तोटा पत्रकातून बराचसा गायब होतो, घसारा आणि व्याज वाढतं, एबिट्डा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) एकदम फुगतो आणि कर्जाचं भागभांडवलाशी प्रमाणही चढतं. धंद्यात काहीही बदललेलं नसतं. ‘२०१९-२० मध्ये कंपनीची कार्यक्षमता सुधारली’ असं वाक्य तुम्ही लिहिलंत, तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्याच्यावरच येईल. अभ्यासाची वर्षं २०१९-२० पासून पुढे घ्या, किंवा आधीची घ्यायचीच असतील तर भाडं पुन्हा खर्चात धरून दोन्ही बाजूंचे आकडे सारखे करा. कसे केले ते टेबलाखाली दोन ओळींत लिहा.

प्रश्न: मास्टर्सबरोबर सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट) परीक्षेची पहिली लेव्हलही देऊ का?

उत्तर: एकाच सत्रात नको. तिच्या एकटीच्याच तयारीला साधारण ३०० तास लागतात, ते वरच्या आठवड्याच्या २० तासांत बसत नाहीत. मास्टर्सचं पहिलं वर्ष संपल्यावर, ज्या सत्रात विषय दोनच असतील तेव्हा द्या. तोवर अकाउंट्स आणि कॉर्पोरेट फायनान्स झालेलं असेल आणि तोच अभ्यास तिथे कामी येईल. त्या परीक्षेत टीआय बीए टू प्लस किंवा एचपी १२सी हेच कॅल्क्युलेटर चालतात. जो घेणार असाल तो आत्ताच घ्या आणि मास्टर्सची गणितंही त्याच्यावरच करा. बीए टू प्लसच्या पडद्यावर वर ‘बीजीएन’ अशी बारीक अक्षरं दिसत असतील, तर तो रकमा प्रत्येक कालावधीच्या शेवटी नव्हे, सुरुवातीला धरतोय. प्रत्येक गणिताआधी तिथे नजर टाका.