शंका-समाधान: खरडपट्टी आणि ‘एक्स्कोरिएट’

प्रश्न : बँकेच्या परीक्षेसाठी इंग्रजी शब्द पाठ करते आहे. ‘एक्स्कोरिएट’चा अर्थ वहीत ‘टीका करणे’ असा लिहून ठेवला होता. सराव परीक्षेत मात्र गोंधळ झाला आणि मी ‘एक्झॉनरेट’ निवडले. हा शब्द लक्षात कसा ठेवावा?
— एक वाचक, लातूर

उत्तर : गडबड वहीतल्या अर्थातच आहे. ‘टीका करणे’ हा अर्थ ‘क्रिटिसाइज’ला पुरतो. ‘एक्स्कोरिएट’ म्हणजे जाहीरपणे, कठोर शब्दांत सालटी काढणे. लॅटिनमध्ये ‘कोरियम’ म्हणजे कातडे, ‘एक्स’ म्हणजे बाहेर, म्हणजे मुळात हे कातडी सोलणेच. त्वचारोगतज्ज्ञ आजही खाजवून सोलवटलेल्या जखमेला ‘एक्स्कोरिएशन’ म्हणतात. आपली ‘खरडपट्टी’ही खरडण्यातूनच आली, त्यामुळे मराठी माणसाला हा शब्द खरे तर सोपा जावा. वहीत ‘खरडपट्टी काढणे’ एवढेच लिहा.

‘एक्झॉनरेट’ नेमका उलटा, म्हणजे दोषमुक्त करणे. त्यात लॅटिन ‘ओनुस’, म्हणजे ओझे, दडलेले आहे. एकात कातडी उतरते, दुसऱ्यात ओझे. दोन्ही शब्द ‘एक्स’ने सुरू होऊन ‘एट’ने संपत असल्याने घाईत नजर फसते. मधला भाग वाचायची सवय लावा: ‘कोर’ की ‘ऑनर’?

उच्चार चार तुकड्यांत करा: इक्-स्कॉ-रि-एट. जोर दुसऱ्यावर.

वाक्यात या क्रियापदाला कर्म लागतेच आणि कारणाआधी ‘फॉर’ येतो: ‘द पेपर एक्स्कोरिएटेड द मिनिस्टर फॉर हिज सायलेन्स’. ‘ऑन’ किंवा ‘अबाउट’ घातले की चुकले. आपण ‘च्यावरून झापले’ म्हणतो, तो ‘वरून’ डोक्यात राहतो आणि हात ‘ऑन’कडे वळतो. ‘सिव्हिअरली’ जोडू नका. कठोरपणा शब्दातच आहे. बोलताना हा शब्द फारसा येत नाही. अग्रलेख, नाट्यपरीक्षण, संसदेच्या बातम्या ही त्याची जागा. आई मुलाला रागावली तर ‘स्कोल्ड’.

शेजारचे शब्दही सोबत शिका, पण सगळ्यांपुढे एकच अर्थ लिहू नका. ‘रेप्रिमांड’ म्हणजे वरिष्ठाने दिलेली समज. ‘एक्स्कोरिएट’ करायला हुद्दा लागत नाही. ‘कॅस्टिगेट’मध्ये सुधारावे म्हणून शिक्षा करण्याची छटा मुळापासून आहे. ‘लॅम्बेस्ट’मध्ये आधी खरोखरची मारहाण होती, कातडी सोलणे नव्हे. ‘टायरेड’ हे नाम आहे, तोंडाचा लांबलचक पट्टा. तो ‘केला’ जात नाही, ‘लाँच’ केला जातो. पर्यायांत क्रियापद हवे असेल तर तो लगेच बाद.

आज वर्तमानपत्रातली एखादी ताजी बातमी घेऊन कर्ता, कर्म आणि ‘फॉर’सह तीन वाक्ये लिहा. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी वही न उघडता तीच पुन्हा लिहा. जिथे अडाल तिथे बहुधा ‘फॉर’च सुटलेला असेल.