93 वस्तूंची यादी आणि एक थर्मामीटर

आठव्या महिन्यातली बाई समोर येऊन बसली की पाच मिनिटांत एक प्रश्न येतोच, मॅडम बाळासाठी काय काय घेऊन ठेवू? बहुतेक जणींना मी तिथल्या तिथे सांगते आणि त्यांचं समाधान होतं. पण मागच्या हिवाळ्यात साताऱ्यात माझ्याकडे आलेल्या एका मुलीसोबत याच प्रश्नावर मला तीन बैठका बसावं लागलं. तिची परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

ती आयटीतली, पुण्यात नोकरी, बाळंतपणासाठी सासरी आलेली. आली तेव्हा फोन पुढे केला, त्यात एक्सेलची शीट आणि शीटमध्ये 93 ओळी. वस्तू, लिंक, किंमत, आली की नाही, सगळे रकाने नीट भरलेले. नाक साफ करायचे तीन प्रकारचे पंप, कपाळावर धरायचा थर्मामीटर आणि कानात घालायचा वेगळा, बॅटरीवर चालणारं नखं घासायचं यंत्र, पोटदुखीची दोन औषधं, तापाचं औषध, बेबी पावडर, केसांचे ब्रश दोन. म्हणाली मॅडम रात्री दोनला जाग येते आणि काहीतरी राहिलंय असं वाटत राहतं, मग उठून अजून एक वस्तू ऑर्डर करते तेव्हा कुठे झोप लागते.

पहिल्या बैठकीत माझं चुकलं. मी यादी वाचली आणि म्हटलं, अगं यातल्या सत्तर वस्तू लागतच नाहीत, खोडून टाक. ती हो म्हणाली, फोन पर्समध्ये ठेवला आणि उरलेला वेळ नुसती मान हलवत बसली. ती यादी म्हणजे तिचा आधार होता आणि मी तोच काढून घ्यायला निघाले होते, हे मला संध्याकाळी घरी गेल्यावर उमगलं.

दुसऱ्यांदा आली तेव्हा मी काहीच खोडायला लावलं नाही. म्हटलं एकेक ओळ घेऊ आणि ही वस्तू घरात नसली तर काय होईल ते तू मला सांग. पंपाच्या ओळीवर म्हणाली, बाळाचं नाक चोंदलं आणि मला कळलंच नाही तर? थर्मामीटरवर म्हणाली, ताप आला आणि मला कळलंच नाही तर? नखांवरही तेच, ओरखडा डोळ्यापर्यंत गेला आणि मला कळलंच नाही तर? सातव्या आठव्या ओळीला तिची तीच थांबली आणि रडायला लागली. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ते म्हणूनच सासरी ठरलं होतं. आई असती तर तिनेच सगळं बघितलं असतं ना, एवढंच बोलली.

इतके दिवस मी वस्तूंवर बोलत होते आणि तिला हवं होतं ते कळणारं माणूस. मग मी सासूबाईंना घेऊन यायला सांगितलं. ती जरा कचरली, म्हणे आई जुन्या वळणाच्या आहेत, वाद होतील.

सासूबाई आल्या त्या स्वतःची पिशवी घेऊनच. जुन्या नऊवारीची धुवून धुवून मऊ झालेली दुपटी, लंगोट, झबली, टोपडी, हाताने शिवलेली कुंची, वेखंडाची कांडी, बाळगुटीची पुडी आणि सहाण, काजळाची डबी. आपल्याकडे बाळंतविडा देतात ना, तसा त्यांनी आधीच जमवून ठेवला होता, फक्त सुनेला दाखवायची हिंमत होत नव्हती कारण सून सगळं मोबाईलवर मागवते.

मी दोघींना म्हटलं, समजा दहाच वस्तू ठेवायच्यात तर पहिली कुठली उचलाल? सुनेने थर्मामीटर म्हटलं. सासूबाईंनी कुंची उचलली आणि खाली ठेवलीच नाही, मांडीवर घेऊन तिच्या नाड्या सारख्या करत बसल्या. मी विचारलं कुंचीच का? खूप वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, हिच्या नवऱ्याच्या आधी एक मुलगी झाली होती मला, डोंगरातलं घर, पौष महिना, सातव्या दिवशी सकाळी पोर दूध ओढेना, रडेना पण, आम्हाला वाटलं शांत झोपलीय, पाय हातात घेतले तर गार, अंग पण गार, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. चाळीस वर्षं झाली. सुनेला यातलं काही माहीत नव्हतं. त्यापण म्हणाल्या, आम्हाला कळलंच नाही.

शब्द तेच होते. मी काही बोलले नाही, सुनेनेच त्यांचा हात धरला.

नवजात बाळाला तापाइतकाच गारठ्याचाही धोका असतो हे आपल्या लोकांना माहीत असतं पण त्याचा आकडा माहीत नसतो, आणि रात्री तीन वाजता आकडाच उपयोगी पडतो. मी ड्रॉवरमधून साधा डिजिटल थर्मामीटर काढला, मेडिकलमध्ये दोनशे रुपयांच्या आसपास मिळतो तो. पाऱ्याचा नको, फुटला तर पारा घरात सांडतो, आणि कपाळावरच्यावर एवढ्या लहान बाळाच्या बाबतीत माझा भरवसा नाही. सासूबाईंना म्हटलं तुमच्याच काखेत लावा. टोक काखेच्या अगदी मध्ये, कपड्याला न लागता कातडीला लागेल असं, हात अंगाशी दाबून धरायचा, बीप वाजेपर्यंत हलवायचा नाही. पहिल्यांदा त्यांनी वाजायच्या आतच काढला. दुसऱ्यांदा डोळे मिटून बसल्या, बीप झाल्यावर दचकल्या, मग चष्मा लावून वाचलं, अठ्ठ्याण्णव पॉईंट दोन. शाळा चौथीपर्यंतची, पण आकडे पक्के. परत एकदा लावते म्हणाल्या आणि परत लावला.

एका कार्डावर मी मोठ्या अक्षरात लिहून दिलं. काखेत 97.7 ते 99.5 म्हणजे ठीक. 97.7 च्या खाली गेलं तर टोपडं घालून बाळ आईच्या उघड्या छातीला लावायचं, वरून दोघांवर पांघरूण, दूध पाजायचं आणि तासाभराने परत बघायचं, वर आलं नाही किंवा 95.9 च्या खाली असेल किंवा बाळ सुस्त आहे, ओढत नाही, तर लगेच दवाखाना. 99.5 च्या वर असेल तर आधी जास्तीची दुपटी काढून पंधरा वीस मिनिटांनी परत बघायचं, कारण कुंची आणि तीन पांघरुणांत गुंडाळलेलं बाळ नुसतं उबेनेही तापतं, पण तरीही कमी नाही तर डॉक्टर. आणि 100.4 दिसलं की काही बघत बसायचं नाही, सकाळची वाट बघायची नाही, तापाचं औषध घरी द्यायचं नाही, सरळ निघायचं. एवढ्या लहान बाळाचा ताप म्हणजे आत जंतुसंसर्ग असू शकतो, औषधाने आकडा खाली आला तरी आतलं तसंच राहतं. म्हणून यादीतलं तापाचं औषध मी काढायला लावलं, डॉक्टरांनी वजन बघून लिहून दिलं तरच. कार्डाच्या मागे 102 आणि 108 हे ॲम्ब्युलन्सचे नंबर आणि आशाताईंचा फोन.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हेच केलं होतं, 39 गावांतल्या बायकांना शिकवून त्यांच्या हातात थर्मामीटर, वजनकाटा असली साधी पिशवी दिली आणि नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. मी हे सासूबाईंना सांगितलं कारण त्यांना वाटत होतं हे शिकलेल्यांचं काम. गावातल्या बायकांनी केलंय म्हटल्यावर त्या सरळ होऊन बसल्या.

मग सासूबाईंची पिशवी टेबलावर ओतली, शेजारी सुनेची शीट उघडली आणि एकेक वस्तू बघितली. दुपटी, लंगोट, टोपडी, कुंची सगळं राहिलं, फक्त बाळ झोपलेलं असताना तोंडावर काही येणार नाही हे बघायचं. खोबरेल तेल राहिलं, हलक्या हाताने मालिशला, पण नाकाकानात थेंब टाकायचे नाहीत आणि अंघोळीला येणाऱ्या बाईंना बाळाची छाती पिळू द्यायची नाही. बाळाच्या छातीत थोडं दूध येतं ते आईच्या हार्मोनमुळे आणि आपोआप जातं, पिळलं तर पिकतं. वेखंडाची पूड आणि बेबी पावडर दोन्ही गेल्या, एक जुनी आणि एक नवी पण दोन्ही श्वासातून आत जातात. त्याच कारणाने शेगडीची धुरी पण नाही, खोली नुसती उबदार ठेवायची. नाळेला हळद नाही, तेल नाही, काहीच नाही, कोरडी ठेवायची, लंगोट तिच्या खाली दुमडायचा, साधारण आठवड्या दोन आठवड्यांत ती गळून पडते. आजूबाजूची कातडी लाल झाली किंवा पू दिसला तर दाखवायचं.

बाळगुटीवर सासूबाई अडल्या. माझ्या पोरांना दिली, काही झालं नाही. मी म्हटलं आई, तुमची माया मला कळते, पण सहा महिने फक्त आईचं दूध, पाणी पण नाही, ग्राइप वॉटर नाही, मध तर वर्षभर नाही कारण मधातून येणारा बोटुलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने होणारा आजार, लहान बाळाला फार वाईट असतो. सहाण कितीही धुतली तरी जंतू राहतात आणि त्या एवढ्याशा पोटात जे जातं त्याने दूध कमी ओढलं जातं. त्यांना पटलं असं मला वाटलं नाही. पण सून म्हणाली, आई सहाण असू दे, हळकुंड उगाळून लाडूबरोबर मला द्या, बाळाला नको, आणि तिथे त्या हसल्या. काजळ डोळ्यात नाही हे मात्र लगेच मान्य झालं, त्यात शिसं असू शकतं हे त्यांनी टीव्हीवर ऐकलं होतं. दृष्टीचा टिळा तळपायाला लावते म्हणाल्या. तळपायाला लावला की पाय हलवताना तो हातातोंडाला लागतो, म्हणून टोपड्याच्या वर बाहेरून एक ठिपका असं ठरलं.

शीटमधलं काय राहिलं? एक मऊ ब्रश, बोथट टोकाची छोटी कात्री आणि घासायची मऊ पट्टी, सलाईनचे नाकात टाकायचे थेंब, कापूस. नखांचं सासूबाईंना सांगावं लागलं कारण त्यांची रीत दाताने कुरतडायची होती, तोंडातले जंतू नखाच्या कडेला जातात आणि बोट पिकतं. दूध पिऊन बाळ गाढ झोपलं की त्याचा हात सैल पडतो, तेव्हा बोटाचा मऊ भाग खाली दाबून नुसतं घासायचं, पहिले काही दिवस कात्रीची गरजच नसते. पंप तिन्ही परत गेले. नाक वाजतंय पण बाळ पितंय तर काहीच करायचं नाही, पिताना अडतंय तर पाजायच्या आधी एकेक थेंब. डोळ्यांना चिपडं आली तर उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेला कापूस, नाकाकडून बाहेर, दर वेळी नवीन. कानात काडी कधीच नाही. डी जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टर लिहून देतात, रोज 400 युनिट, पण वेगवेगळ्या बाटल्यांत तेवढेच युनिट वेगवेगळ्या मापात असतात म्हणून त्या बाटलीचाच ड्रॉपर वापरायचा, हे मी दोनदा सांगते कारण इथे चूक होते.

ज्यांना हे विकत घेणं जड जातं त्यांच्यासाठी, सरकारी दवाखान्यात पहिलं बाळंतपण असेल तर बेबी केअर किटची योजना 2019 मध्ये राज्य सरकारने सुरू केली होती, आता किट मिळतं का ते अंगणवाडीत नक्की विचारा. आणि आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, वजन बघतात, ताप बघतात. त्यांना दारातून पाठवू नका, जी शंका असेल ती त्यांनाच विचारा.

निघताना मी तिला म्हटलं यादी खोडू नकोस, फक्त एक नवीन रकाना घाल, ही वस्तू कोण वापरणार. ज्या ओळीपुढे घरातल्या माणसाचं नाव लिहिता येत नाही ती वस्तू घ्यायची नाही. थर्मामीटरपुढे तिने माझ्यासमोरच लिहिलं, आई.

जानेवारीत मुलगी झाली. बाराव्या रात्री तिचा फोन आला, मी घाबरूनच उचलला, पण ती शांत होती. संध्याकाळी लाईट गेली होती, अंग पुसायला उशीर झाला, आईंनी पाय बघितले आणि लगेच थर्मामीटर लावला, 96.8. कार्ड वाचून आईंनीच मुलीला तिच्या छातीला लावलं, वर गोधडी घातली, तासभर तिथेच बसून राहिल्या. ती नीट ओढत होती. तासाने परत लावला. मॅडम आता ठीक आहे, तुम्हाला नुसतं सांगायला फोन केला.

बेचाळीस दिवसांनी दोघी बाळाला घेऊन भेटायला आल्या, बाळ कुंचीत. सासूबाईंनी पिशवीतून घडी घातलेलं कॅलेंडरचं पान काढलं. रोजच्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलने आकडे, जरा वाकडे पण स्पष्ट, 98.1, 98, 98.4. बाराव्या दिवसाच्या चौकोनात दोन होते, वर 96.8 आणि त्याच्याखाली दोनदा गिरवलेलं 97.9.