'पोलीस तक्रार': कोणी केलेली, कोणाविरुद्ध?

नाशिकच्या पंचवटीत राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या दिरांना एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याविरुद्ध अर्ज द्यायचा होता. सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टाच्या बाहेर अर्ज टाइप करून देणाऱ्याने वर 'विभागीय पोलीस तक्रार प्राधिकरण' असा पत्ता घातला आणि विषय लिहिला, 'पोलीस तक्रारीबाबत'. ताई विचारतात: "पोलीस तक्रार म्हटलं की मला पोलिसांत दिलेली तक्रार वाटते. मग हे प्राधिकरण पोलिसांचंच आहे का? आणि विभागीय म्हणजे ती विभागीय चौकशी असते, त्यातलं का?"

दोन्हींचं उत्तर 'नाही' असं आहे. पण नावावरून ते कळत नाही, ही ताईंची तक्रार अगदी रास्त आहे.

जोडशब्दातला गाळलेला भाग आपण मनातल्या मनात परत भरतो. कांदेपोहे म्हणजे कांदे घालून केलेले पोहे, पुरणपोळी म्हणजे पुरण भरून केलेली पोळी. शाळेत याला मध्यमपदलोपी समास म्हणून शिकवतात. मधलं पद गेलं तरी अडत नाही, कारण पोहे आणि पोळी आपल्या रोजच्या ओळखीचे. 'पोलीस तक्रार प्राधिकरण' यातही मधलं पद गेलं आहे: पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं प्राधिकरण. आपल्या कानाला मात्र सवय वेगळीच आहे. मोबाइल चोरीला गेला, पोलीस तक्रार केली. बांधावरून भांडण झालं, पोलीस तक्रार झाली. त्यामुळे रिकाम्या जागी मन 'विरुद्ध' भरत नाही, 'कडे' भरतं, आणि ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं आहे तोच ते ऐकून घेणारा होऊन बसतो.

'पोलिसांची तक्रार' असं लिहिल्यानेही सुटका नाही. षष्ठी दोन्हीकडे झुकते. 'शेजाऱ्यांची तक्रार आली' म्हणजे शेजाऱ्यांनी केलेली. 'थांब, बाईंकडे तुझी तक्रार करते' म्हणजे तुझ्याविरुद्ध केलेली. बोलताना प्रसंग समोर असतो म्हणून भागतं. अर्जाच्या कागदावर प्रसंग नसतो, फक्त शब्द असतात.

तक्रार हा शब्द मुळात अरबी. तिथे त्याचा अर्थ पुन्हा पुन्हा करणं, पुनरावृत्ती. फारसी-उर्दूत त्याला वादाचा, हुज्जतीचा अर्थ आला आणि मराठीत तो गाऱ्हाण्यावर स्थिरावला. एकच अर्ज घेऊन चार टेबलं फिरलेल्या माणसाला त्यातला जुना अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. याच्या शेजारचा 'दाद' हा शब्द फारसी, अर्थ न्याय. म्हणून आपण दाद 'मागतो'. ती मागायची कोणाकडे? रूढ सल्ला असा की वरिष्ठांकडे. शिपायाविरुद्ध असेल तर निरीक्षकांकडे, निरीक्षकांविरुद्ध असेल तर शहरात आयुक्तालयात आणि ग्रामीण भागात अधीक्षकांकडे. पण आरोप वरिष्ठांवरच असेल तर? 'वरिष्ठांकडे दाद मागा' हे वाक्य तिथे संपतं. खात्याच्या उतरंडीबाहेर कोणीतरी लागतो, आणि हे प्राधिकरण नेमकं त्या जागेसाठी आहे.

ते आलं कुठून, हे थोडक्यात सांगतो. उत्तर प्रदेश आणि आसामचे पोलीस महासंचालक राहिलेले प्रकाश सिंह यांनी निवृत्तीनंतर १९९६ मध्ये पोलीस सुधारणांसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल लागला. त्यातल्या सात निर्देशांपैकी एक असा, की पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात आणि जिल्ह्यात प्राधिकरणं नेमावीत. उपअधीक्षकापर्यंतच्या अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी जिल्ह्याने पाहाव्यात, अधीक्षक आणि त्याहून वरच्यांविरुद्धच्या राज्याने. राज्याच्या प्राधिकरणावर उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष असावेत. कारवाईची शिफारस संबंधितांवर बंधनकारक असेल, असंही न्यायालयाने म्हटलं. 'शिफारस' आणि 'बंधनकारक' हे शब्द आपल्याकडे सहसा एका वाक्यात भेटत नाहीत, म्हणून ते मुद्दाम लक्षात ठेवावेत.

महाराष्ट्राने २०१४ मध्ये १९५१ च्या पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून ही तरतूद केली, पण जिल्ह्याऐवजी विभाग धरला. ताईंचा दुसरा गोंधळ इथून सुरू होतो. सरकारी मराठीत 'विभाग' म्हणजे खातंही आणि महसुली प्रदेशही. विभागीय चौकशी म्हणजे खात्याने आपल्याच माणसाची केलेली चौकशी. विभागीय आयुक्त म्हणजे नाशिकरोडला बसणारे, नाशिक, अहिल्यानगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या पाच जिल्ह्यांचे आयुक्त. प्राधिकरणातला 'विभागीय' हा या दुसऱ्या जातीचा. एकाच विशेषणाचे दोन अर्थ, तेही 'घरातला' आणि 'घराबाहेरचा' असे परस्परविरोधी, आणि दोन्ही पोलिसांच्याच संदर्भात! याहून वाईट जागी हा शब्द पडू शकला नसता. 'नाशिक महसूल विभागासाठीचे' असं लिहिलं तर चार अक्षरं वाढतील, पण माणूस बिचकणार नाही.

याच विषयावरच्या मराठी लेखांत 'नागरी देखरेख' असाही शब्द वापरतात. तो मला पटत नाही. मराठीत नागरी म्हटलं की नागरी सुविधा, नागरी सहकारी बँक, म्हणजे शहराचं काहीतरी. इगतपुरीच्या पाड्यावरच्या माणसाला ती देखरेख आपली वाटणार नाही. 'पोलिसांवर नागरिकांची देखरेख' म्हणावं. अंकुश, वचक हे शब्द जोरकस आहेत, पण वचकात धाक आहे आणि इथे धाक अपेक्षित नाही, जाब अपेक्षित आहे.

आता ताईंच्या दिरांच्या अर्जाचं. वरचा पत्ता, महाराष्ट्रातल्या विभागणीप्रमाणे अधिकारी वरिष्ठ निरीक्षकाहून वरच्या पदावरचे असतील तर, 'अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण, मुंबई' असा करावा. नाव ठरलेलं आहे, ते आपण बदलू शकत नाही. विषयाची ओळ मात्र आपल्या हातात आहे. 'पोलीस तक्रारीबाबत' खोडून तिथे लिहावं: 'अमुक पदावरील अधिकाऱ्यांविरुद्ध तक्रार'. 'विरोधात' नको, 'विरुद्ध'च. विरोध मताला असतो, मोर्चाला असतो. कागदावर दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात ते 'विरुद्ध'ने. ज्या निकालातून हे प्राधिकरण निघालं, त्याचं नावही 'प्रकाश सिंह विरुद्ध भारत सरकार' असंच आहे.