पत्र अख्खं ठेव

चि. मुली, अनेक आशीर्वाद.

आजोबांनी फौजेतून आजीला धाडलेली १९७१ची पत्रं टाइप करताना तुला पडलेला पेच कळला. सगळीकडे गाय, मनिऑर्डर, सोसायटीचा हप्ता. प्रेमाचं अक्षर नाही. म्हणून निवडक ओळींची पुस्तिका काढायची म्हणतेस. नको. पत्र अख्खं ठेव.

ती पत्रं कुणाकुणाच्या हातून जात होती ते बघ. लढाईच्या दिवसांत सेन्सॉरची नजर, मग गावात मास्तर नाहीतर पोस्टमन आजीला वाचून दाखवणार, तेही सासूसासऱ्यांसमोर. पत्त्यावर 'मार्फत ५६ ए.पी.ओ.', म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय, एवढंच. नवरा राजस्थानात आहे की काश्मिरात, हे बायकोला कळायची सोय नाही. इतक्यांदेखत माणूस लिहील काय? 'तांबडी व्याली असेल. खरवस सगळा पोरांना वाटू नको, तू पण खा.' ही ओळ तूच मला 'किरकोळ' म्हणून पाठवलीस! किरकोळ?

पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांच्या डाकेवर १९१४ मध्येच सेन्सॉर बसला. त्यातली कितीतरी पत्रं आज फक्त त्याच्या अहवालांतले इंग्रजी उतारे म्हणून उरलीत, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. एकानं हिंदी शिपायांना काळी मिरी आणि गोऱ्यांना तांबडी मिरची म्हणून घरी इशारा धाडला होता, तोही सेन्सॉरनं हेरला म्हणूनच आपल्याला ठाऊक. त्याला कामाचं वाटलं तेवढं राहिलं, बाकीचं गेलं. आता तू घरातच सेन्सॉर होऊन बसणार का?

माझ्या वडिलांच्या पत्रातल्या दोन शूर ओळी एका स्मरणिकेला हव्या होत्या. मी म्हटलं, छापायचं तर सगळं छापा. छापलं नाही. नातेवाईक अजून मला हेकट म्हणतात. म्हणोत. त्याच पत्रात मनिऑर्डरीचा हिशेब आहे, खत, बियाणं, फी, आणि शेवटी आईच्या चपलांचे पैसे वेगळे काढलेले. तो हिशेब गाळून वडील कसे दाखवायचे मी?

अशुद्ध शब्द तसेच राहू देत. फाटलंय तिथे 'फाटलंय' लिही.

आणि आजीची उत्तरं कुठे आहेत, हे तू विचारलंच नाहीस. आघाडीवर कुणी पत्रं साठवत बसत नाही; माझ्या आईचं एकही उरलं नाही, ती सल अजून आहे. तुझी आजी आहे. या रविवारीच जा, मास्तरांकडून काय लिहवून घेतलं ते विचार, आणि ती बोलेल तसं उतरव.

तुझी,
बाई