सत्तेचाळीसचे चौऱ्याहत्तर होतात ते असे

खानापूरकडच्या मित्राने विचारलंय ते थोडक्यात असं: बारावीपर्यंत मराठी माध्यम, आता बेळगावात उद्यमबागेत एका कारखान्यात डिस्पॅचला लागलाय. इंग्रजी मेल वाचता येतो, दोन ओळी लिहिताही येतात. पण फोनवर समोरचा माणूस नग, वेळ किंवा रक्कम बोलायला लागला की पेन जागच्या जागी थांबतं.

तुला 'तू'च म्हणतो, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे. मी त्याच उद्यमबागेत तेवीस वर्षं आहे. आधी लेथवर, मग इन्स्पेक्शनला, आता डिस्पॅच बघतो. तुझं जे होतंय ते माझंही झालंय, आणि माझ्या वेळेला त्यात सत्तावीस पेट्या गेल्या होत्या.

गेल्या म्हणजे मुळात नव्हत्याच. पॅकिंग झालं होतं ४७ पेट्यांचं. चेन्नईच्या पार्टीला फोनवर इंग्रजीत सांगायचं होतं. डोक्यात 'सत्तेचाळीस', तोंडातून आलं 'सेव्हन्टी-फोर'. तिकडे गाडी उतरवून घेतल्यावर ते लोक दोन दिवस उरलेल्या २७ पेट्या शोधत बसले. बिचाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याला चोर ठरवायचंच बाकी होतं.

मला इंग्रजी आकडे येत नव्हते असं नाही. वन टू हंड्रेड पाठ होते की. घोळ मराठीच्या बाजूला होता. आपण आकडा एककाकडून बोलतो: आधी सात, मग चाळीस. कानाला आधी 'सत्ते' लागतं, जीभ 'सेव्हन' पकडते, आणि पुढे जे व्हायचं ते होतं. 'एकोण'ची तर बातच वेगळी. एकोणसाठमध्ये ना पाच ऐकू येतात ना नऊ. ऐकू येतात साठ, म्हणून पोरं 'सिक्स्टी-नाइन' म्हणून मोकळी होतात.

आता ऐक. पुण्या-साताऱ्याच्या पोराकडे नाही असं एक हत्यार तुझ्याकडे आहे. तुला बसमधलं, बाजारातलं कन्नड येतं. कन्नड आकडा इंग्रजीसारखाच दशकाकडून चालतो. नलवत्तेळु: आधी चाळीस, मग सात. फॉर्टी-सेव्हन. ऐवत्तोंबत्तु: आधी पन्नास, मग नऊ. फिफ्टी-नाइन. म्हणून मराठीतून इंग्रजीत थेट उडी मारू नकोस, मध्ये कन्नडच्या दगडावर पाय ठेव. मी महिनाभर हेच केलं. नंतर कन्नड आपोआप गळून पडलं, क्रम मात्र राहिला. (कन्नड कशाला म्हणून कुणी इथे वाद घालू नका. सीमाभागात राहून आकड्यांपुरता तरी त्याचा फायदा करून घेऊ द्या पोराला.)

घड्याळाच्या बाबतीत मात्र उलटं कर. पावणेदोनला इंग्रजी 'क्वार्टर टू टू' म्हणतं, म्हणजे दोनला पाव कमी. आपल्या 'पावणे'चा हिशेब जसाच्या तसा. कन्नडमध्ये तेच ओंदू मुक्कालु, एक आणि पाऊण, त्यावरून गेलास तर फसशील. सव्वा म्हणजे 'क्वार्टर पास्ट', साडे म्हणजे 'हाफ पास्ट', सरळ आहे. अडचण फक्त दीड आणि अडीचची, कारण त्या शब्दांत तास ऐकूच येत नाही. 'हाफ पास्ट वन' आणि 'हाफ पास्ट टू' हे दोन तेवढे घोकून टाक. ब्रिटिश माणूस बोलता बोलता नुसतं 'हाफ टू' म्हणाला तर ते अडीच, दीड नव्हे. आणि काहीच सुचेना तर 'वन फॉर्टी-फाइव्ह' म्हण, कुणी हसत नाही.

पण ही पाव-पाऊण घड्याळापुरतीच. सव्वाशे, पावणेदोनशे, अडीच हजार हे शब्द इंग्रजीत न्यायला जाऊ नकोस. आधी मनात १२५, १७५, २५०० असे लिही, मग वाच.

ऐकण्यातला सगळ्यात मोठा खड्डा थर्टीन-थर्टी, फिफ्टीन-फिफ्टीचा. 'टीन'वाल्यात जोर शेवटच्या 'टीन'वर पडतो आणि शेवट लांबतो. 'टी'वाल्यात जोर सुरुवातीला. तरी फोनवर भरवसा ठेवू नकोस. "वन फाइव्ह, फिफ्टीन?" असं उलटून विचार. यात कमीपणा काही नाही, जुने जाणतेही विचारतात.

फोन नंबर आणि पिन सुटे आकडे करूनच सांग. मराठीत आपण नंबर जोडीजोडीने सांगतो, 'अठ्ठ्याण्णव, पंचेचाळीस'. इंग्रजीत तसं केलंस की पुन्हा तोच सत्तेचाळीसचा खेळ. बेळगावचा ५९०००१ मी 'फाइव्ह नाइन ट्रिपल झिरो वन' असा सांगतो. डबल-ट्रिपल आपल्याकडे आणि इंग्लंडात चालतं, अमेरिकन माणूस गोंधळू शकतो. त्याला तीनदा झिरो म्हण.

मापांचं तुझ्या कामात रोज येणार. आपले जुने मिस्त्री अजून सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच, हे कळलं की इंग्रजी अपूर्णांक फुकटात मिळतात. तीन सूत म्हणजे 'थ्री एट्थ्स', पाच सूत 'फाइव्ह एट्थ्स', दोन सूत 'क्वार्टर इंच', चार सूत 'हाफ इंच'. मिस्त्री जे सूत बोलतो तो वरचा आकडा, खाली कायम आठ. दशांश चिन्हानंतरचे आकडे मात्र एकेक वाचायचे. आपण '३ पॉइंट पंच्याहत्तर' म्हणतो, इंग्रजीत 'थ्री पॉइंट सेव्हन फाइव्ह'. ०.०५ आणि ०.५ यांत शॉपफ्लोअरवर काय फरक पडतो ते तुला कुणी ना कुणी ओरडून सांगेलच, म्हणून त्यातला 'झिरो' गिळू नकोस. अमेरिकन ड्रॉइंगवाला 'थाऊ' म्हणाला तर तो इंचाचा हजारावा भाग, २५.४ मायक्रॉन.

'पाच फुटी पेटी'ला 'फाइव्ह-फूट बॉक्स', 'दहा रुपयांची नोट'ला 'टेन-रुपी नोट'. नामाच्या आधी मापाचं अनेकवचन होत नाही. पण पेटी पाच फूट लांब आहे असं सांगताना 'फाइव्ह फीट लाँग'. तसंच दोनशे म्हणजे 'टू हंड्रेड', 'हंड्रेड्स' नव्हे. 'हंड्रेड्स ऑफ' म्हणजे आपलं शेकडो. लांबी-रुंदी सांगताना मध्ये 'बाय' घाल. गुंठा परक्या माणसाला समजवायचा झाला तर 'थर्टी-थ्री बाय थर्टी-थ्री फीट' म्हण. असे ४० झाले की एकर.

पैशात एकच गोष्ट सांभाळ. देशातल्या देशात लाख, कोटी बिनधास्त बोल, तेही इंग्रजीच झालंय आता. बाहेरच्या माणसाशी बोलताना लाखाच्या आकड्याला दहाने भाग की मिलियन येतात. साडेबारा लाख म्हणजे 'वन पॉइंट टू फाइव्ह मिलियन'. एक कोटी म्हणजे दहा मिलियन. स्वल्पविरामही बदलतो: आपलं १२,५०,०००, त्यांचं १,२५०,०००. मेल पाठवताना एकाच ओळीत दोन्ही पद्धती मिसळू नकोस. सुट्टे म्हणजे 'चेंज' हे तुला माहीत असेलच. अमेरिकेत कुणी 'क्वार्टर' मागितला तर घाबरू नकोस, ते डॉलरचे चार आणे.

तारीख. आपल्या भागात १ नोव्हेंबर १९५६ ठाऊक नाही असं घर नाही. बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं तो दिवस. इंग्रजीत वर्ष दोन तुकड्यांत: 'नाइन्टीन फिफ्टी-सिक्स'. पण हीच तारीख १/११ अशी लिहून अमेरिकेला पाठवलीस तर तिकडे ११ जानेवारी वाचतात. महिना अक्षरात लिही, विषय मिटला.

आता ज्याने सगळ्यात जास्त ऑर्डरी अडकतात ते सांगतो, आणि ते आकड्यांत नाहीच. ते आहे 'पर्यंत'. 'शुक्रवारपर्यंत माल पाठवतो' याचं आपली पोरं 'वी विल सेंड टिल फ्रायडे' करतात. ऐकणाऱ्याला वाटतं, शुक्रवार उजाडेस्तोवर हे रोज पाठवत राहणार. तिथे 'बाय फ्रायडे' लागतं. 'टिल' कधी? 'ऑफिस सहापर्यंत उघडं आहे' म्हणताना. 'दोन वर्षांपासून'ला 'सिन्स टू इयर्स' नको, 'फॉर टू इयर्स'; 'सिन्स'च्या पुढे सुरुवातीचा दिवस किंवा साल यायला हवं.

आणि 'आठ दिवस'! आपण आठ दिवस म्हणतो तेव्हा आठवडा म्हणतो, म्हणजे सातच. पंधरा दिवस म्हणजे दोन आठवडे. 'एट डेज' म्हणालास तर समोरचा खरंच बोटं मोजतो. 'इन अ वीक', 'इन टू वीक्स' म्हण. 'परवा' तर मराठीतही मागचा की पुढचा ते वाक्यावरून कळतं, त्यामुळे तारीखच सांगून टाक. 'दोन-चार नग'ला 'टू-फोर पीसेस' म्हणू नकोस, 'अ फ्यू' पुरे.

सरावाला वेगळा वेळ काढायची गरज नाही. तू खानापूरहून रोज येतोस ना? खिडकीतून पुढच्या गाड्यांच्या पाट्या वाच. केए ट्वेंटी-टू झालं की पुढच्या चार आकड्यांचे दोन जोड कर, आधी कन्नडमध्ये, लगेच इंग्रजीत, मनातल्या मनात. पहिले चार दिवस गाडी निघून जाईल नि तू आकड्यावरच असशील. तेही चालतंय. आणि सोमवारी पॅकिंग लिस्ट वाचताना कुठे अडलास तर तो आकडा इथे टाक, बघू.